सदाफुलीच्या पाच पानांविषयी

खारघर, नवी मुंबई
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. नातीच्या बारशाची हकिकत वाचून फार बरे वाटले. पण शेवटच्या पानावर, पाऊसपाण्याची खबर द्यावी इतक्या सहजतेने, तू लिहिले आहेस की कोणीतरी पाठवलेला संदेश वाचून अनंत चतुर्दशीपासून तू रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची पाच कोवळी पाने चावून खातोस आणि साखर उतरल्यासारखी वाटते म्हणून मधुमेहावरची रात्रीची मेटफॉर्मिनची गोळी परस्पर बंद केली आहेस. ते वाक्य मी तीनदा वाचले. फोन करावा असे मनात आले होते, परंतु फोनवर तू विनोद करून विषय बदलतोस हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून हे पत्र. वहिनींनाही वाचायला दे.

आधी हे सांगतो की सदाफुलीशी माझे वैर नाही. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत, मोरीच्या भिंतीला जिथे सिमेंट फुटले होते तिथे, कोणी न लावता उगवलेले तिचे एक झुडूप होते, ते तुला आठवत असेल. गुलाबी पाकळ्या, मध्यभागी गडद ठिपका, पानाच्या मधोमध पांढरी शीर. आईने ते कधी उपटू दिले नाही आणि त्याला मुद्दाम पाणीही कधी घातले नाही. देवपूजेच्या परडीत मात्र जास्वंद, तगर आणि पारिजातक असायचे, सदाफुली नसायची. कारण विचारले तर ती म्हणे, 'तिला वास नाही, आणि तोडली की मान टाकते.' शास्त्राधार वगैरे काही नव्हता. जांभळी नाक्याच्या बाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात, पण सदाफुली कोणी विकायला बसल्याचे मी अजून पाहिलेले नाही. जे बाराही महिने फुकट फुलते त्याला आपण भाव देत नाही, एवढेच त्यामागे असावे. आईने त्या झुडपाचा उपयोग केल्याचे मला एकदाच आठवते. मला गांधीलमाशी चावली तेव्हा तिने पाने चुरगाळून त्यांचा रस दंशावर चोळला होता. पुढे वाचनात आले की हा उपाय भारतात बऱ्याच ठिकाणी करतात. मी मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडत होतो.

खारघरला राहायला आल्यावर या फुलाची दुसरी बाजू कळली. सिडकोच्या वसाहतींत एकाच जिन्यावर चार भाषा नांदतात. आमच्या इमारतीच्या बागेत सदाफुलीचा मोठा ताटवा आहे, आणि तळमजल्यावरच्या तमिळ आजी रोज पहाटे त्यातली फुले पूजेसाठी वेचतात. त्या या फुलाला 'नित्यकल्याणी' म्हणतात. त्यांच्या शेजारचे केरळचे गृहस्थ हे पाहून हसतात, कारण त्यांच्या गावाकडे याच फुलाचे नाव 'शवंनारी', म्हणजे प्रेताच्या वासाचे, असे आहे; तिकडे ते दफनभूमीत फुलते. बंगाली मंडळी मधल्या ठिपक्यावरून त्याला 'नयनतारा' म्हणतात आणि हिंदीत ते 'सदाबहार' किंवा 'सदासुहागन' आहे. एकाच झुडपाला एकीकडे अखंड सौभाग्य आणि दुसरीकडे मसण अशी नावे का मिळाली असावीत याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. हे झुडूप रेताड जमिनीत, खाऱ्या वाऱ्यात, कोणी न पाहता वर्षभर फुलत राहते आणि कडवट चिकामुळे गुरे-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. देवळाच्या अंगणात हा गुण कल्याणाचा वाटतो, आणि जिथे रोज पाणी घालायला कोणी येत नाही अशा ठिकाणी नेमके हेच एक झुडूप टिकून राहते.

गंमत अशी की युरोपातही हीच जोडी सापडते, पण तिथले फूल निराळे आहे. तिथली व्हिन्का नावाची निळसर वेल सदाफुलीची चुलतबहीण शोभेल अशी आहे. इटलीत तिला मृतांचे फूल म्हणत आणि दगावलेल्या तान्ह्या मुलांवर तिच्या माळा ठेवत. फ्रान्समध्ये ती चेटक्यांची मानली जाई. आणि नवराबायकोने तिची पाने मिळून खाल्ली तर त्यांच्यात प्रेम वाढते असाही समज इंग्लंडात होता. (पाने खाण्याचा सोस तुझ्या एकट्याचा नाही, हे ऐकून तुला धीर येईल.) १३०६ साली स्कॉटिश सरदार सायमन फ्रेझर याला देहदंडासाठी लंडनमध्ये आणले, तेव्हा त्याच्या डोक्यावर याच वेलीचा मुकुट घातला होता. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५९ मध्ये आपल्या सदाफुलीला 'व्हिन्का रोझिया' हे नाव देऊन या वेलीच्या घरात बसवले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे तिला वेगळे काढून 'कॅथरँथस', म्हणजे ग्रीकमध्ये शुद्ध फूल, असे नाव दिले, तरी तिच्यापासून निघालेल्या औषधांच्या नावांत ते 'व्हिन्' अजून चिकटून राहिले आहे.

सदाफुलीचे माहेर मादागास्कर. शोभेचे झुडूप म्हणून ती तिथून जगभर गेली आणि जिथे ऊन मिळाले तिथे रुजली. म्हणून तुला आलेल्या त्या संदेशात 'आयुर्वेदातील हजारो वर्षांची सदापुष्पी' असे जे लिहिले आहे, त्यावर विश्वास ठेवू नकोस. जुन्या कोशांत सदापुष्पी हे नाव रुईच्या झाडालाही दिलेले आहे. रुई, कण्हेर, देवचाफा, सातवीण आणि सर्पगंधा ही सगळी सदाफुलीच्याच कुळातली. या कुळातली झाडे देखणी असतात आणि त्यांच्या अंगात औषधही असते, पण वर सांगितलेल्यांपैकी एकही भाजी म्हणून कोणी चिरत नाही, हे तूच पाहा.

आता मधुमेहाकडे येतो, कारण या गोष्टीची सुरुवात खरोखर तिथूनच होते, आणि तुझा समज अगदीच हवेतला नाही. जमैका, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका अशा एकमेकांपासून दूर असलेल्या प्रदेशांत लोक साखरेसाठी सदाफुलीच्या पानांचा काढा पीत असत. १९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरने या पानांचे पाकीट कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाठवले. हे नोबल म्हणजे इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी बँटिंगबरोबर आधी कोणी काम करायचे यासाठी झालेली नाणेफेक हरलेले विद्यार्थी! त्यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या प्रयोगशाळेकडे दिली. तिथे पानांचा अर्क उंदरांना तोंडाने पाजला, तर साखर ढिम्म हलली नाही. मग तोच अर्क टोचून दिला, आणि काही दिवसांत उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी झपाट्याने घटलेल्या आढळल्या, कारण अर्काने अस्थिमज्जेलाच, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात त्या हाडांतल्या मगजालाच, लगाम घातला होता. दुसरा कोणी असता तर 'विषारी, निरुपयोगी' असा शेरा मारून त्याने ती वही मिटली असती. रॉबर्ट नोबल यांनी उलटा विचार केला की ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यात हे विष कामाला येईल. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने त्यातला नेमका घटक वेगळा केला आणि १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध जगापुढे आले. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीही मधुमेहाच्याच आशेने ही पाने तपासत होती. तिच्या शास्त्रज्ञांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेले उंदीर या अर्कामुळे जास्त दिवस जगताना दिसले. त्यातून व्हिन्क्रिस्टिन निघाले आणि १९६३ मध्ये ते अमेरिकेत वापरात आले.

दोन्ही द्रव्यांची करणी एकच आहे. पेशीचे विभाजन होताना तिच्यात सूक्ष्म धाग्यांची चाती तयार होते आणि ती गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढते. हे धागे ज्या प्रथिनाचे बनतात त्यालाच ही द्रव्ये धरून बसतात, धागे विणले जात नाहीत आणि पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. झाडात ती इतकी अल्प असतात की एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि रुग्णाला एका वेळी व्हिन्क्रिस्टिन दिले जाते ते फार तर दोन मिलिग्रॅम. या औषधांच्या नफ्यातून मादागास्करच्या हाती काही लागले नाही, ही तक्रार अनेक वर्षे केली जाते. ती मला रास्त वाटते, जरी शोधाचा धागा जमैकातून निघालेला असला तरी. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तुला आजवर नीट न सांगितलेली एक गोष्ट आता सांगतो. माझ्या पुतणीचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला, हे तुला माहीत आहे. उपचार चालू होते तेव्हा ती दोघे आमच्याकडेच राहायला होती. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा त्याला हेच व्हिन्क्रिस्टिन शिरेतून दिले जाई. ते कधीही पाठीच्या कण्यात जाता कामा नये, गेले तर जीव जातो, म्हणून तिथल्या परिचारिका लेबल मोठ्याने वाचत आणि दुसरीकडून वाचून घेत. औषधाने त्याचे आतडे जड झाले, जबडा दुखू लागला, पाय बधिर झाले आणि तो काही महिने चवड्यांवर चालत असे. बरोबर इतर औषधेही होती, एकट्या सदाफुलीचे हे श्रेय नाही. तरी साठ वर्षांपूर्वी या आजारातून दहांत एखादे मूल वाचत असे आणि आज जिथे उपचार पूर्ण मिळतात तिथे सुमारे नव्वद टक्के मुले वाचतात, या बदलात तिचा वाटा मोठा आहे. ज्या दिवशी मला कळले की त्या लहानशा बाटलीतले औषध आणि आमच्या मोरीपाशी उगवलेले झुडूप एकच, त्या संध्याकाळी मी बागेतल्या ताटव्यापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध कारखान्यात मी तीस वर्षे गुणवत्ता तपासणीत काढली, हे तू अधूनमधून विसरतोस. एका गोळीतले औषध दुसरीपेक्षा थोडे जरी कमी-जास्त भरले तरी आम्ही अख्खा घाणा अडवून ठेवत असू. तुझ्या पाच पानांत काय आहे? सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे अल्प मात्रेतही शरीरावर परिणाम करणारी द्रव्ये, आहेत. त्यांचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक आणि कोवळ्या-जून पानागणिक बदलते, आणि तोंडाने घेतल्यावर त्यांतले किती रक्तात उतरेल याचाही नेम नसतो. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या रसाने साखर उतरलेली दिसली आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच पानांतला दुसरा घटक रक्तदाब उतरवतो, तिसरा मज्जेवर उठतो आणि चौथा नसांवर. तुझ्या तळपायांची आग होते म्हणून तू उन्हाळ्यात ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसतोस. साखरेने आधीच दुखावलेल्या नसांवर, नसांनाच बाधणारे झाड तू रोज उपाशीपोटी घालतो आहेस, आणि ज्या गोळीचा हिशेब ठाऊक आहे ती बंद करून बसला आहेस.

तेव्हा उद्यापासून पाने बंद कर. डॉक्टरांकडे जा, महिनाभर काय खाल्लेस ते न लाजता सांग, आणि त्यांनाच विचारून गोळी पुन्हा सुरू कर. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी तर तपासशीलच, पण बरोबर रक्तपेशींची मोजणीही करून घे. 'गुण येतोय असे वाटते' हा काही अहवाल नव्हे. आकडे मला कळव.

झाड उपटू नकोस. पाकिटात थोडे बी घातले आहे, पांढऱ्या फुलांचे. आपल्या त्या मुलानेच, जो आता आठवीत आहे आणि फुटबॉल खेळून गुडघे फोडून घेतो, गेल्या आठवड्यात जोडशेंगा वाळल्यावर ते काढले. त्याला म्हटले, सांगलीच्या आजोबांना पाठवायचे आहे. तो म्हणाला, 'त्यांना सांगा, कडू असते, मी लहानपणी चाखले होते.' हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. बी पेरताना वरून मातीचा पातळ थर पसर, उजेडात ते नीट उगवत नाही. आणि कुंडीत पाणी साचू देऊ नकोस, मुळे कुजतात. नातीच्या हाती पाने लागणार नाहीत इतक्या उंचीवर कुंडी ठेव.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
नौपाड्याचा जुना शेजारी