गेमप्ले टुकार म्हणतोस, म्हणून हे पत्र

अमळनेर
मे महिना, रात्री उशिरा

नित्या भो,

तुझा मेसेज वाचला. "वातावरण एक नंबर, गेमप्ले टुकार, युट्युबवर बघितलं असतं तरी चाललं असतं." मेट्रो २०३३ या गेमबद्दल तू असं लिहावं आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसावं हे काही माझ्याच्याने होईना, उत्तर टाइप करायला घेतलं तर ते लांबतच चाललं, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहू. इकडे दुपारी बाहेर तोंड काढायची सोय नाही, कूलरसमोर बसून पण पीसी तापतो म्हणून मी रात्रीच खेळतो, आता आई-पप्पा गच्चीवर झोपलेत आणि खोलीत मी एकटाच आहे. निवांत लिहू राहिलो, तू पण निवांत वाच, मीटिंग चालू असताना वाचू नको.

आधी तुझी बाजू घेतो. आपण दोघं काउंटर स्ट्राइकवर वाढलेलो, कॅफेत तासाचे पैसे देऊन, तिथे मॅपची भिंत कोणत्या रंगाची आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, नेम आणि आवाजाचा अंदाज एवढंच. डूम पण तसाच, १९९३ चा घे नाहीतर २०१६ चा, पळत राहा, मारत राहा, थांबला तो मेला. अशा गेममध्ये गेमप्ले, म्हणजे खेळताना हाताला काय मजा येते, हेच सगळं, आणि ती मजा खरी आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण तोच काटा घेऊन तू मेट्रो मोजू राहिला, आणि माझं भांडण तिथेच आहे. म्हणे बंदूक जड वाटते, नेम हलतो, गोळ्या पुरत नाहीत, बास्टर्ड गन तापून अडकते. अरे ती अडकणारच ना भो! अणुयुद्ध झालं, वर मॉस्को संपलं, वीस वर्षं माणसं जमिनीखाली मेट्रोच्या स्टेशनांवर राहू राहिली, तिथल्याच वर्कशॉपमध्ये पत्रे-पाइप ठोकून बनवलेली ती बंदूक. ती लोण्यासारखी चालली असती तर मी त्या बोगद्यावर विश्वासच ठेवला नसता.

गॅस मास्कचंच घे, वरच्या विषारी हवेसाठीचा. तू डेड सिटी ही लेव्हल खेळलास म्हणजे वर जमिनीवर जाऊन आलास. मनगटावर घड्याळ आहे, ते फिल्टर किती मिनिटं टिकणार ते दाखवतं. काचेवर आतून वाफ धरते, बाहेरून बर्फ आणि घाण. श्वास आधी नॉर्मल येतो, मग फिल्टर संपत आला की तोच श्वास घरघरायला लागतो, हेडफोन लावले असतील तर तो स्वतःच्याच छातीतून आल्यासारखा वाटतो. एखादा प्राणी अंगावर झेपावला की काचेला तडा जातो, आणि तो तडा पुढे सगळा वेळ डोळ्यासमोर राहतो, नवीन मास्क सापडेपर्यंत त्या तड्यातूनच जग बघायचं. रेडक्समध्ये, म्हणजे २०१४ ची जी आवृत्ती आपण दोघं खेळतो, त्यात हाताने काच पुसायचं बटण आहे. पुसली नाही तर दिसत नाही, आणि पुसायला हात वर नेला की तेवढा वेळ लक्ष समोर राहत नाही. आता मला सांग हे वातावरण आहे का गेमप्ले? मला तर यात रेघ कुठे मारायची तेच कळत नाही. युट्युबवर दुसरा कोणीतरी काच पुसताना तू बघशील, पण दोन फिल्टर उरलेत आणि त्या बिल्डिंगमध्ये शिरून अजून काही मिळतं का बघू का सरळ पुढे पळू, हा पोटातला गोळा व्हिडिओत कुठून येणार?

टॉर्चचं पण तसंच. बॅटरी उतरली की हातातला चार्जर काढून दाबत बसायचं, काटा वर चढेपर्यंत, आणि तेव्हा हात अडकलेले असतात, बंदूक खाली. ध्येय काय आहे ते बघायला मेनू उघडायचा नाही, पाटीवर लावलेला कागद समोर धरायचा आणि अंधार असेल तर लायटर पेटवून वाचायचा. गेम मध्ये कुठे थांबतच नाही. तू म्हणालास हे उगाच काम वाढवलंय. मी म्हणतो याच कामांमुळे मला तो बोगदा लक्षात आहे, ग्राफिक्समुळे नाही, ग्राफिक्स आता जुनेच झालेत.

आणि गोळ्यांचे पैसे! एवढी भारी गोष्ट तुझ्या मेसेजमध्ये एका शब्दाने पण आली नाही. युद्धाच्या आधीच्या मिलिटरीच्या गोळ्या, स्वच्छ, चकचकीत, जोरदार मारा करणाऱ्या, त्याच तिथलं चलन. बाजारात फिल्टर घ्यायचं तर त्याच मोजून द्यायच्या. आणि लढाईत हातघाईवर आलं की रिलोडचं बटण दाबून धरायचं आणि त्याच बंदुकीत भरायच्या, म्हणजे अक्षरशः पैसे झाडायचे. मी एकदा डेपोच्या भागात कोपऱ्यात सापडलो, घरगुती गोळ्या संपल्या, खिशात फक्त मिलिटरीच्या, आणि मी ट्रिगर दाबायच्या आधी खरंच विचार करत बसलो की पुढच्या स्टेशनवर काय खाऊ. गेममध्ये तर खायची भानगडच नाही! पण डोक्यात तोच विचार आला, कारण स्टेशनवर भीक मागणारी बाई-पोरं बघितलेली, एकाला गोळी दिलेली. ती गोळी दिली, लोकांचं बोलणं उभं राहून ऐकलं, हे सगळं गेम गुपचूप मोजत असतो आणि त्यावर शेवट ठरतो. शेवट मी सांगत नाही.

तुला आपल्याकडचंच सांगतो. हिवाळ्यात शेतात काड्यांवर वांगी भाजून भरीत करतात आणि पुण्यात तू गॅसवर भाजून करतोस, वांगं तेच, मिरची तीच, तरी तू दर वेळी म्हणतोस की चव नाही. त्या भरितातला धूर बाजूला काढून दाखव म्हटलं तर दाखवता येईल का? तसं आहे हे.

हे फक्त मेट्रोतच आहे असं पण नाही. हाफ लाइफ २ आठव, २००४ चा. सिटी १७ च्या स्टेशनवर उतरलो की एक पोलीसवाला मुद्दाम डबा खाली पाडतो आणि म्हणतो उचल आणि कचरापेटीत टाक. वस्तू उचलायची कशी आणि टाकायची कशी हे गेमला शिकवायचंय, बस्स, पण शिकवायची पद्धत बघ, तुझा अपमान करून शिकवतो. निमूट टाकला तर तो हसून सोडतो, त्याच्या अंगावर फेकला तर दांडकं घेऊन मागे लागतो. एकही कटसीन (मध्येच लागणारा तयार व्हिडिओ) नाही, कोणी भाषण देत नाही, आणि त्या शहरात कोणाचं राज्य आहे ते एका डब्यात कळलं. आपल्या कॅफेत सगळ्यांनी तो डबा फेकलाच होता.

आता तुझं कुठे बरोबर आहे ते पण लिहितो, नाहीतर तू म्हणशील हा आंधळा भक्त झाला. २०१० च्या मूळ गेममध्ये लपून जायचा प्रकार कच्चाच होता, एकाने बघितलं की सगळ्या तळाला कळायचं, रेडक्समध्ये तो बराच सुधारला. आणि पुढे डी६ नावाच्या जुन्या मिलिटरी बंकरमध्ये एक जागा येते, मिलर नावाचा आपला साथीदार क्रेन चालवत असतो आणि भिंतीवरच्या गळवांसारख्या पिशव्यांतून गोळे सुटत राहतात, आपण नुसते मारत राहायचं, ते फुटत राहतात, अजून येतात. तिथे मला पण कंटाळा आला. पण का आला ते बघ. तिथे अंधाराला अर्थ उरत नाही, गोळी जपायला अर्थ उरत नाही, ऐकायला काही नाही, नुसती जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. म्हणजे गेमप्ले खराब झाला त्याच क्षणी वातावरण पण गेलं, भिंती तशाच असून. तू म्हणतोस तसं एक चांगलं आणि एक वाईट असं असतं तर तिथे निदान भिंती बघून तरी बरं वाटायला पाहिजे होतं ना?

याचा सगळ्यात मोठा त्रास मला बायोशॉक इन्फिनिटमध्ये झाला, २०१३ चा. ढगात तरंगणारं कोलंबिया शहर, साल १९१२, सुरुवातीला बराच वेळ गोळीच चालत नाही, जत्रा, गाणी, ऊन, फुलं, आणि त्या सुंदर रस्त्यांखाली किती वंशद्वेष भरलाय ते हळूहळू दिसतं. मला तिथे फिरायचं होतं भो. आणि मग लढाई चालू झाली की तीच लढाई, लाटांवर लाटा, आणि मध्ये मध्ये आपल्यासोबतची एलिझाबेथ काहीतरी जीव तोडून सांगू राहिली आणि मी कचऱ्याचे डबे उघडून त्यातलं खाऊन हेल्थ भरू राहिलो. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात. शूटिंग म्हणून ते वाईट नाही, मेट्रोपेक्षा कितीतरी सफाईदार आहे, आणि तरी मला मेट्रोचं ओबडधोबड शूटिंग जवळचं वाटतं. २००७ च्या पहिल्या बायोशॉकमध्ये हा घोळ कमी होता, समुद्राखालचं रॅप्चर, तिथे बिग डॅडीला, म्हणजे पाणबुड्याच्या पोशाखातल्या त्या धिप्पाड रखवालदाराला, हात लावायचा का नाही ते आपण ठरवायचं, तो आपणहून अंगावर येत नाही, म्हणून त्याच्या पावलांचा धपधप आवाज आला की आपण थांबून हिशोब करतो.

लास्ट लाइट (मेट्रोचा पुढचा भाग, हा पण २०१३) तू अजून घेतला नाहीस म्हणून एकच सांगतो. थिएटर नावाच्या स्टेशनवर एक म्हातारा भिंतीवर हाताच्या सावल्या करून पोरांना दाखवत असतो. तो पक्षी करतो तर पोरं ओरडतात, राक्षस! कारण त्या पोरांनी पक्षी बघितलेलाच नाही, वर आभाळात उडताना त्यांना ठाऊक आहेत ते फक्त पंखवाले राक्षस. तिथे बटण दाबायचं काही नाही, चालत पुढे गेलास तर गेम अडवत नाही. मी उभा राहिलो, शेवटपर्यंत. तू म्हणशील हा झाला व्हिडिओच. पण थांबायचं मी ठरवलं, युट्युबवरचा खेळून दाखवणारा तर घाईत निघूनही गेला असेल.

आणि हा गेम बनवला कसा ते माहितेय का तुला? फोर-ए गेम्स, युक्रेनमधल्या कीव्हची टीम, चेर्नोबिलच्या झोनवरचा स्टॉकर गेम बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेली माणसं. मेट्रोची आधीची प्रकाशक कंपनी टीएचक्यू, तिचा माजी अध्यक्ष जेसन रुबिन, त्याने २०१३ मध्ये लिहिलं होतं की मोठ्या स्पर्धक गेम्सच्या दहा टक्के बजेटमध्ये या लोकांनी लास्ट लाइट केला, घडीच्या खुर्च्यांवर एकमेकांना कोपर लागेल इतकं दाटीवाटीने बसून, त्यात लाइट जायची, थंडीत हीटिंग जायचं. हे वाचल्यापासून मला तो टॉर्चचा चार्जर दाबताना वेगळंच वाटतं. अंधाराची, थंडीची सवय असलेल्या लोकांनी तो बनवलाय, आणि ते हाताला कळतं.

एक्सोडसबद्दल (मेट्रोचा तिसरा भाग, २०१९) आपण भेटल्यावर बोलू, त्यात ट्रेन आहे, मोकळं आभाळ आहे, वाळवंटात बंदुकीत धूळ जाऊन ती साफ करावी लागते, ते मला फार आवडलं, पण बोगद्यातली छातीवरची दाबणी त्यात थोडी सैल होते. गोळ्यांचं चलन पण काढून टाकलं. ते त्यांनी काढायला नको होतं.

तर आता माझं ऐक. तू गेम फ्रंटलाइन लेव्हलवर सोडलास आणि तो पण स्पार्टन मोडवर, सोप्या डिफिकल्टीला, गोळ्यांचा सडा. तिथे मेट्रो साधा शूटर होतो आणि साधा शूटर म्हणून तो खरंच सुमार आहे. नवीन गेम चालू कर, सर्व्हायव्हल मोड घे, डिफिकल्टी रेंजर हार्डकोर, सगळ्यात अवघड. क्रॉसहेअर (नेमाची खूण) जाईल, गोळ्यांचा आकडा जाईल, स्क्रीनवर काहीच राहणार नाही. पहिल्यांदा शिव्या देशील मला, दे. पण मग तू गोळ्या मोजायला लागशील, घड्याळाकडे बघशील, उजेडात आलो की घड्याळावरचा दिवा पेटतो ते पाहून बल्ब फोडायला शिकशील. लाउडस्पीकरवर खेळू नको, हेडफोनच. खान नावाचा वाटाड्या भेटेल, त्याच्यासोबतचा बोगदा घाईत संपवू नको, तो सांगतो तसं त्याच्या मागेच राहा, भिंतीवरच्या सावल्या टॉर्चच्या उजेडात बघ. आणि तो लहान पोरगा पाठीवर बसतो ती लेव्हल येईल, तेव्हा त्याच्या वजनाने नेम डळमळतो म्हणून चिडू नको, त्याच्यासाठीच ती लेव्हल आहे.

लायब्ररीत पोचलास की एक लक्षात ठेव. लायब्रेरियन, म्हणजे तिथला तो राक्षसी प्राणी, समोर आला की गोळी घालायची नाही. त्याच्या डोळ्यात बघायचं, पाठ फिरवायची नाही, तो पुढे आला की हळूहळू मागे सरकायचं, नजर न हलवता. काउंटर स्ट्राइकमधली सगळी सवय तुला ओरडून सांगेल की हेडशॉट मार. मारू नको. तिथे पोचलास की मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजले असले तरी कर, मी जागाच असतो.

काकूंना नमस्कार सांग. सुट्टी मिळाली की ये, माझा पीसी तुझ्यापेक्षा जुना आहे पण रेडक्स मस्त चालतो.

तुझा,
भूषण