अजून तीन वर्षं

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते तर अण्णांनी "बरं, तुला पटेल तसं कर" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईने जेवलीस का विचारून विषय मिटवला असता. म्हणून लिहिते. यंदाच्या येळवसेला, वावरातल्या पूजेला, मी येत नाही. लहान मुलांच्या नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला प्रवेश घेतलाय, पहिल्या सेमिस्टरची फी भरून झाली. पूर्ण वेळ केला तर दोन वर्षांत होतो. नोकरी सांभाळून तीन. पगार थांबवायचा नाही म्हणून तीन. मध्ये एकदा उन्हाळ्यात महिनाभर येईन, ते नक्की.

अण्णा, पारावर पोरगी डॉक्टर होतेय असं सांगू नका. मी नर्सच राहणार. पण इथे नर्स प्रॅक्टिशनर लेकरू स्वतः तपासते, निदान करते, तपासण्या आणि औषधं लिहून देते. टेक्सासात औषध लिहायला डॉक्टरसोबत लेखी करार लागतो, काही राज्यांत तोही लागत नाही. ही वाट १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे मुलांचे डॉक्टर यांनी पाडली, कारण आडगावातल्या लेकरांना डॉक्टरच मिळत नव्हते. औसा तालुक्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

पैशाचं म्हणाल तर वावर विकायचं नावही काढू नका. हॉस्पिटल फीचा काही भाग देतं, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर इथे कर लागत नाही. उरलेलं माझ्या पगारातून. दादाकडूनही काही घेणार नाही. तुमचं सगळं त्याच्यावर टाकून मी इकडे बसलेय हेच पुष्कळ झालं.

अभ्यास अवघड आहे, पण माझ्या आवाक्यातला. आधी पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं ते), फार्माकॉलॉजी (औषधांचं) आणि फिजिकल असेसमेंट (अंग तपासणं), ज्यांना इंग्रजी पहिल्या अक्षरावरून सगळे 'थ्री पी' म्हणतात आणि जिथे निम्मा दम निघतो. मग किमान ७५० तास कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली लेकरं तपासायची. गाडी अडते ती इथे. हा शिकवणारा, म्हणजे प्रिसेप्टर, बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो, आणि तो मिळाला नाही की सेमिस्टर पुढे जातं. म्हणून मी फीच्या आधी हेच विचारलं आणि प्रिसेप्टर स्वतः देणारं कॉलेज धरलं, थोडं महाग असलं तरी. शेवटी परीक्षा: तीन तास, १७५ प्रश्न. त्यातले २५ गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते सांगत नाहीत! मग राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं लायसन.

यात दोन फाटे आहेत, अ‍ॅक्यूट केअर आणि प्रायमरी केअर. अ‍ॅक्यूट म्हणजे आयसीयू, वॉर्ड. मी प्रायमरी घेतलं. बहुतेक दिवसाचं काम, नाइट सुटतील. आई, तुला हेच हवं होतं ना? आणि काम म्हणशील तर तुझ्या अंगणवाडीचंच: वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी, शिवाय नवव्या, अठराव्या आणि तिसाव्या महिन्याला वाढीची ठरलेली प्रश्नावली. दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे लेकरू फार कुपोषित, हे मला पुस्तकाआधी तू शिकवलंस.

शिकायचं ते कसलं, ते दादाच्या पिल्लूवरूनच सांगते, कारण हे घरात लागणार आहे. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं: किलोमागे १५ मिलीग्रॅम. पिल्लू १० किलोचा, म्हणजे एका वेळी १५० मिलीग्रॅम. आता बाटली बघा. '५ मिलीत २५०' लिहिलं असेल तर ३ मिली, '५ मिलीत १२०' असेल तर ६ मिली. ड्रॉप्सवर '१ मिलीत १००' लिहिलं असेल तर दीडच मिली. असे ड्रॉप्स चमचाभर, म्हणजे ५ मिली, पाजले तर एका दमात ५०० जातं, आणि तसं दिवसातून तीन-चारदा झालं की लिव्हरवर येतं. चहाचा चमचा वापरायचा नाही, औषधासोबतची पिचकारी किंवा माप घ्यायचं. दोन डोसांत सहा तास. आणि लेकरू शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले तर घरचे उपाय न करता दवाखाना. वहिनीला हे फ्रिजवर लिहून लावायला सांगा.

तापलेलं लेकरू हाताला लागलं की आई, मला कपाळावरचा तुझा हात आठवतो, गार बांगड्यांसकट.

परत आल्यावर काय, हेही सांगून टाकते. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम क्रिटिकल केअरचे, म्हणजे आयसीयूचे, आणि मिडवाइफरीचे, म्हणजे बाळंतपणाचे, आहेत. माझं इथलं लायसन लातुरात चालणार नाही, औषध लिहिता येणार नाही. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आत्ताच लिहिलं. तेव्हाचं तेव्हा बघू.

माझ्या खाण्याची काळजी करू नका. ज्वारीचं पीठ मिळतं, फक्त जुनं असतं म्हणून भाकरी चिरते. उकळतं पाणी घालून मळलं की थापता येते. काळा मसाला दिवाळीपर्यंत पुरेल.

आता अण्णा, तुमचं. चालू इन्सुलिन पेन २८ दिवसांनी टाकायचं, त्यात औषध उरलं असलं तरी. न उघडलेली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलं की ते वाया. लाइट गेली तर पिशवीत गुंडाळून ओल्या माठात. रोज रात्री आरसा धरून तळपाय बघायचे आणि वावरात अनवाणी जायचं नाही, येळवसेलासुद्धा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतो, तुमचा राहिलाय. आईच्या मोतीबिंदूसाठी लातूरला जाल तेव्हाच उरकून घ्या आणि तारीख मला कळवा. सध्या तुमचे सकाळचे आठ म्हणजे माझे आदल्या रात्रीचे साडेनऊ, तेव्हा मी रिकामी असते.

तुमची,
ताई

ता. क. ऑपरेशन होईपर्यंत आईला पत्र अण्णाच वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. अण्णा, इन्सुलिनचा भाग गाळू नका. दादाला वेगळा पाठवलाय.