आबा, तो कागद शोधून ठेवा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
कोजागरीनंतरचा रविवार

ती. आबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा संभाचा फोन झाला. खालच्या पट्टीतला ऊस यंदाही गुडघ्याच्या वर गेला नाही, आणि दुकानदार म्हणाला म्हणून तुम्ही त्या खारावलेल्या रानात टाकायला जिप्समची पोती आणायच्या तयारीत आहात, असं कळलं. त्याआधी मातीच्या तपासणीचा कागद बघा, एवढंच सांगायचंय. हे फोनवर बोलले असते तर आपलं वाजलं असतं. म्हणून लिहिते. पत्रात तुम्हाला मधेच तोडता येत नाही.

आधी इकडची गोष्ट. आमचं घर गावाच्या कडेला आहे, पाणी स्वतःच्या बोअरचं, हे सांगितलंच होतं. आम्हाला वाटलं, अमेरिका आहे, बोअरचं पाणीही सरकार तपासत असेल. कुठलं काय! नळाच्या पाण्याला इथं कडक कायदा आहे, पण घरच्या बोअरला नाही. या एका राज्यात अशा दहा लाखांच्या आसपास घरगुती विहिरी आणि बोअर आहेत. तुमचं बोअर, तुम्हीच तपासा, नाहीतर प्या तसंच. त्यात आमच्या भागात जमिनीखाली चुनखडी, सगळी भेगाभेगांची. वर काही सांडलं की खाली पोचायला वेळ लागत नाही.

हे मला कुणी सांगितलं? गावच्या वाचनालयात विद्यापीठाच्या विस्तार विभागाची, म्हणजे तिथलं ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांची, बैठक होती, तिथं कळलं. पेन स्टेट विद्यापीठानं पूर्वी सातशेएक बोअर तपासले होते, त्यातले सुमारे 40 टक्के कुठल्या ना कुठल्या आरोग्याच्या निकषात नापास झाले. हा आकडा ऐकून मी दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची बाटली आणली. अहवालात जंतू निघाले. कोलिफॉर्म. आई, तू घाबरू नकोस, पुढचं वाच.

अहवाल हातात आला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आकडे, रकाने, बारीक अक्षरं. बैठकीत भेटलेल्या एका आजोबांना फोन केला. आयुष्यभर दुधाचा धंदा केलेले, आता सत्तरीत, विद्यापीठाकडून विहिरींचं शिक्षण घेतलेले स्वयंसेवक. ते संध्याकाळी आले, अहवाल वाचायच्या आधी बोअरपाशी गेले आणि वरचं झाकण हातानं हलवलं. ढिलं होतं. उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळच! म्हणाले, जंतू जमिनीतून आलेच असतील असं नाही, आधी हे करा. रबरी कडीचं घट्ट झाकण बसवलं, क्लोरिन टाकून बोअर धुतला, महिन्यानं परत तपासला. स्वच्छ. मी तर हजारो डॉलरचं शुद्धीकरण यंत्र घ्यायच्या विचारात होते.

हे सगळं चालतं कसं, ते मी विचारून घेतलं. 1862 साली इथं कायदा झाला, केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या विकून शेती अन् यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला लावली. 1887 ला संशोधन केंद्रं आली. पण कॉलेजात लागलेला शोध कॉलेजातच राहायचा. मग 1914 च्या कायद्यानं विस्ताराचं काम सुरू झालं: केंद्र, राज्य आणि काउंटी, तिघांनी मिळून पैसा घालायचा आणि विद्यापीठाचा माणूस गावाजवळ बसवायचा. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. या राज्यात 67 काउंटी आहेत आणि विस्ताराचं काम सगळ्यांत चालतं. सुरुवात शेतीपासून झाली, आता त्यात विहिरी आल्या, ओढ्याकाठी झाडं लावणं आलं, जंगल सांभाळणं आलं. आपल्याकडची कृषी विद्यापीठंही याच धर्तीवर निघाली. राहुरीचं 1968 चं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार, ही तिन्ही कामं त्यांच्याकडेही आहेत.

इकडचं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. त्या बैठकीला आम्ही बारा जण होतो, त्यातले नऊ साठीच्या पुढचे. तरणी माणसं फिरकत नाहीत. चहा मात्र होता, पाणचट.

आणखी एक गंमत. इथं एक परदेशी तुडतुडा आलाय, ठिपक्यांचा, पंख लालभडक. याच राज्यात 2014 मध्ये पहिल्यांदा सापडला. द्राक्षवेलींचा रस शोषून घेतो. अंडी घालतो ती झाडावर, दगडावर, गाडीच्या चाकापाशी, कुठंही, आणि वर चिखल सुकल्यासारखा थर. एका पुंजक्यात तीस-पन्नास अंडी. विस्तारवाल्यांनी लोकांना फोटो दाखवून ती ओळखायला शिकवलं. आमची ओवी जुनं बँकेचं कार्ड घेऊन अंगणातल्या झाडाची अंडी खरवडते आणि स्पिरिटच्या पिशवीत टाकते. तिला बघून मला आपली हुमणी आठवली. वळवाचा पाऊस झाला की रात्री बत्ती घेऊन कडुलिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. तुम्ही एकट्यानं गोळा केले त्या वर्षी काय झालं? शेजारच्या रानातले आले आपल्याकडं. सगळ्या शिवारानं मिळून केलं तेव्हाच उतार पडला होता.

आता मूळ मुद्दा. आबा, तीन वर्षांपूर्वी संभानं खालच्या पट्टीची माती कोल्हापूरला तपासायला दिली होती. तो कागद आला, तुम्ही बघितला, आणि देवघरातल्या फळीवर विम्याच्या पावत्यांखाली गेला. तो शोधा. त्यात हे आकडे बघा: सामू (पीएच), क्षारता (ईसी) आणि सोडियमचं प्रमाण. सामू साडेआठच्या आत, क्षारता चारच्या वर आणि सोडियम जास्त नसेल तर ती नुसती क्षारयुक्त जमीन, तिथं जिप्समचा काही उपयोग नाही. जिप्सम लागतं ते चोपणाला, जिथं सामू साडेआठच्या वर जातो आणि सोडियम मातीला चिकटून बसतं. दुकानदारानं माती बघितली नाही, तुमची काळजी बघितली.

कागद नाहीच सापडला तर परत माती काढा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. आठ-दहा जागी खड्डे घ्या, आणि ही खारी जमीन आहे म्हणून फूट-फूट करत तीन फुटांपर्यंतची माती वेगवेगळी घ्या. अहवाल आला की तो घेऊन कृषी सहायकाकडं जा, नाहीतर कृषी महाविद्यालयात जा आणि समोर बसून समजून घ्या. फोटो मलाही पाठवा, पण मी काय, मुंग्यांपर्यंत शिकलेली.

क्षार निघायला वाट पाहिजे. वर्षानुवर्षं आपण उसाला मोकाट पाणी दिलं, खालचं पाणी वर चढलं, त्याबरोबर मीठ वर आलं. शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून कितीतरी क्षारपड रानं परत पिकाखाली आली. तुम्ही स्वतःच मला ती दाखवायला नेलं होतं, मोटारसायकलवरून. मग आपल्या पट्टीत का नाही, हे मी त्या वेळी विचारलं होतं आणि तुम्ही गप्प बसला होता.

कारण मला माहीत आहे. आपलं पाणी ओढ्याला काढायचं तर पाईप शेजारच्या तात्यांच्या रानातून न्यावा लागतो. बांधाच्या त्या दोन हातांवरून तुम्ही दोघं सोळा वर्षं बोलत नाही. संभा म्हणतो, त्यांचाही खालचा कोपरा पांढरा पडलाय. पाईप एकट्याच्या रानात घालून भागत नाही, पाणी बांध बघून थांबत नाही. तुम्ही मोठे आहात, मी सांगणं बरं नव्हे. पण दिवाळीत त्यांच्याकडं फराळाचं ताट आईच्या हातून जाऊ दे, आणि मागून अहवाल घेऊन तुम्ही जा. बांधाचा विषय काढू नका. फक्त विचारा, तुमच्या मातीचा आकडा किती आला.

आई, कांदा-लसूण चटणी संपत आली. पार्सल करशील तेव्हा दोन पिशव्या एकात एक घाल, मागच्या वेळी तेल पुस्तकांवर गळलं होतं. आबांना कागद सापडला की लगेच फोन कर, इकडची रात्र असली तरी चालेल.

तुमची,
सुमी