लग्नाचं काम हाताला धरून शिकवणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून कपाटात ठेवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. सामुदायिक विवाह सोहळ्याचे फोटो छापून येतात, त्यात मंचावरचे पाहुणे दिसतात, हारतुरे दिसतात. तुम्ही दिसत नाही, कारण त्या वेळी तुम्ही कागदांच्या टेबलाशी नाहीतर नवऱ्यामुलींच्या खोलीत असता.

माझा इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स चालू होता. थीम, बजेट, सजावट सगळं वहीत होतं, पण प्रत्यक्ष काम द्यायला कुणी तयार नव्हतं. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? तुम्ही तेवढं विचारलंत, "उन्हात उभी राहशील ना? मग ये."

बाजार समितीच्या आवारात मंडप, मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन आणि एकाच मुहूर्तावर पंचवीस जोडपी. घरचं एक लग्न म्हटलं तरी धांदल उडते. तुमच्याकडे आरडाओरडा नव्हता, कारण तुमचं सगळं काम नंबरावर चालायचं. जोडप्याला जो नंबर, तोच पाटावर, तोच शालू-मंगळसूत्र-जोडव्यांच्या पिशवीवर, तोच नवरदेवाच्या खिशाला. वहीत त्याच नंबरासमोर दोन्हीकडच्या एकेका जबाबदार माणसाचा मोबाइल. अंतरपाट धरायला माणसं आदल्या संध्याकाळीच नेमलेली. मुलीचे मामा येतीलच असं धरून चालायचं नाही, हे तुम्ही बजावलंत, आणि दोन नवऱ्यामुलींच्या मागे खरोखरच आपल्या स्वयंसेवकांना मामा म्हणून उभं राहावं लागलं.

स्वयंपाकाचा अंदाज मी तुमच्याकडून शिकले. आचारी हजार पानांना क्विंटलभर तांदूळ सांगून मोकळा झाला. तुम्ही आधी पंचांग उघडलंत. त्या दिवशी तिथ दाट होती. दाट तिथीला एकेका घरातली माणसं तीन लग्नांत वाटली जातात, अक्षता टाकतात आणि पुढच्या गावाला निघतात, तेव्हा शिधा तेवढा लागत नाही, पाणी मात्र जास्त लागतं. तुम्ही तांदूळ कमी केलात आणि टँकर वाढवलात. अंदाज बरोबर निघाला. अक्षतांनाही तुम्ही तांदूळ दिले नाहीत, फुलांच्या पाकळ्या दिल्या. पायदळी जाणारं धान्य तुम्हाला बघवत नाही.

आणि ती खोली! हळदीपासून जागलेल्या मुली, पोटात अन्न नाही, अंगावर जड शालू. मंगलाष्टकांआधी तुम्ही एकेकीला वरणभाताचे चार घास खायला लावत होतात. मुंडावळ्या बांधताना गाठ कपाळावर रुतते का हे स्वतःच्या बोटाने चाचपून बघत होतात. कोपऱ्यात पाणी, सेफ्टी पिना, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीची गोळी. एवढ्या बारकाईने वधूचा विचार करणारं नियोजन मी त्यानंतर महागड्या लग्नांतही फारसं पाहिलेलं नाही.

पण मला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो कागदांच्या टेबलावर. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तुम्ही जन्मतारीख अंकांत वाचत नव्हता, आधी अक्षरी वाचत होता. का, ते त्या दिवशी कळलं. एका दाखल्यावर सालाचा शेवटचा आकडा गिरवून बदललेला होता आणि अक्षरी साल तसंच राहिलं होतं. मुलगी सतरा वर्षांची. पत्रिका वाटून झालेल्या, नवरदेवाकडचे पाहुणे उतरलेले. मुलीचे वडील हात जोडून उभे होते. तुम्ही त्यांना चारचौघांत एक शब्द बोलला नाहीत. बाजूला बसवलंत, पाणी दिलंत, ग्रामसेवकांना बोलावून घेतलंत, कारण २००६ च्या कायद्याखाली गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत, त्यात तडजोड नाही, हे शांतपणे सांगितलंत. मग दोन्ही घरांना समोरासमोर बसवून पुढच्या हंगामापर्यंत थांबायला राजी केलंत. मला बाजूला घेऊन म्हणालात, "आज आपण मान्य केलं असतं तर उद्या ही पोर आपल्यालाच विचारेल."

लग्न लागलं की आपलं काम संपलं असं मला वाटायचं. तुम्ही त्याच मंडपात विवाह नोंदणीचे अर्ज भरून घेतलेत. राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत ज्ञापन, म्हणजे हाच अर्ज, द्यावं लागतं, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या सह्या लागतात. एकदा वऱ्हाड पांगलं की त्या सह्या गोळा करायला गावोगाव फिरावं लागतं, म्हणून पंगत बसायच्या आत सगळं पुरं. सामुदायिक विवाहांसाठीच्या राज्य सरकारच्या शुभमंगल योजनेचं अनुदान वधूच्या आईच्या नावाने निघतं, तेव्हा कितीतरी आयांची बँकेची पासबुकं तुम्ही स्वतः तपासलीत. ज्या बाईच्या नावावर घरात काहीच नसतं, तिच्या नावाने पैसे येतात, हे सांगताना तुमचा चेहरा उजळलेला मला आठवतो.

आता मी लग्नाचीच कामं घेते. माझ्या मुलींना पहिल्या दिवशी नंबराची वही करायला शिकवते, दाखल्यावरची अक्षरी तारीख वाचायला लावते आणि नवरीला आधी जेवू घालायला सांगते. हे सगळं तुमचं आहे काकू. तुम्ही एक पैसा न घेता शिकवलंत, वर परत जाताना माझ्या डब्यात बुंदी भरून दिलीत. मी तुमची मनापासून ऋणी आहे.

तुळशीचं लग्न झालं की तिथी निघतील. सोहळ्याची तारीख ठरली की कळवा. मी मुलींना घेऊन आदल्या दिवशीच येते, आणि या वेळी कागदांचं टेबल माझ्याकडे द्या.

तुमची,
मंडपातली एक स्वयंसेविका