स्टार शोरूममध्ये, पट्टे कव्हरखाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी गाडी घेताना हल्ली पुणेकर मायलेजच्या आधी 'किती स्टार?' विचारतो. गाड्यांची टक्कर-चाचणी करून सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'चं काम आपल्या भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेकडे आहे, याचा अभिमानही वाटतो. पण शोरूममधून गाडी निघते ती थेट सीट कव्हरच्या दुकानात, आणि तिथे मागच्या सीटबेल्टचे, म्हणजे पट्ट्यांचे, बकल कापडाखाली गाडले जातात.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. नवले पुलाच्या उतारावर ठोकलेल्या गाड्या कितीतरी पाहिल्या. चेपलेलं बोनेट बघून लोक हळहळतात. खरं तर धक्का पोटात घ्यायलाच ते चेपतं. मी आधी पट्टा ओढून बघायचो. जोरदार टक्कर झाली की, लावलेला पट्टा दाराशेजारच्या खांबावरच्या ज्या कडीतून जातो तिथे घासल्याची चकचकीत खूण राहते. जबाबात कोणी काहीही लिहून देवो, ती खूण खोटं बोलत नाही. मागच्या पट्ट्यांवर मात्र अशी खूण मला क्वचितच दिसली. दिसायचं ते पुढच्या सीटच्या पाठीत मागून गुडघे आदळून पडलेले खळगे. म्हणजे मागचा माणूस तर जातोच, शिवाय पट्टा लावून बसलेल्या ड्रायव्हरला स्टिअरिंगवर रेटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

एअरबॅग आहे ना, असं लोक म्हणतात. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, पण पट्ट्याने माणूस जागेवर धरलाय असं गृहीत धरूनच. सीटच्या कडेत बसवलेल्या बॅगेवर जाड कव्हर शिवलं, तर ती नीट उघडेल याची खात्री नाही. पट्टा न लावल्याची बीप बंद करायला बकलमध्ये नुसती क्लिप खोचणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास दंड एक हजार रुपये. पण बकलच सापडत नसेल तर प्रवाशाने लावायचं काय? स्टेशनवरून टॅक्सी घ्या आणि शोधून बघा. आरटीओने टॅक्सीच्या फिटनेस तपासणीत मागचा प्रत्येक पट्टा स्वतः लावून बघावा आणि बकल दबलेलं असेल तर गाडी पास करू नये. घरच्या गाडीसाठी कव्हरवाल्याला आधीच बजावावं: बकल वर आल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत.

– एक निवृत्त विमा सर्व्हेअर, कर्वेनगर, पुणे