साठ हजार रुपये आणि स्टोअरमधले काका

आदरणीय काका,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या सेंड-ऑफला माझ्या हातात माइक दिला, तर मी "काका म्हणजे फार चांगला माणूस" एवढं बोलून खाली बसलो. जे बोलायचं होतं ते साहेबांसमोर बोलवेना. म्हणून हे पत्र, तेही उघडं, कारण रबाळ्याच्या आपल्या शेडमधल्या पोरांना यातलं अर्धंच माहीत आहे.

ब्रॅकेटचा तो लॉट आठवतो? ४० नग, सगळ्यांची भोकं २ मिलिमीटर सरकलेली. हेल्परला मी चारचौघांत काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. वर त्याचा ओव्हरटाइम कापायचा कागद घेऊन तुमच्या खिडकीवर आलो, नुकसानीवर स्टोअरची सही लागायची ना. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, रजिस्टर माझ्याकडे फिरवलंत आणि फर्स्ट पीसच्या रकान्यावर बोट ठेवलंत. सही माझी होती.

"पहिला नग तू पास केलास. त्याने तोच पुढे काढला," तुम्ही म्हणालात. "मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, असं बायबलात, लेवीयाच्या पुस्तकात आहे. तू तर कायमची ठेवायला निघालास."

कंपनीत तुमच्या तोंडून शास्त्र ऐकलं ते तेवढंच, तेही मी आपल्यातला म्हणून. एरवी तुम्ही कुणाला कधी उपदेश केला नाहीत. मशीनला क्रूस चिकटवून हेल्परला शिव्या घालणारे असतात, आणि त्यांच्यात मीही होतो. त्या दुपारी लाइनवरच त्या पोराची माफी मागितली. मी कोपऱ्यात नेऊन मागणार होतो, पण "ओरडलास सगळ्यांत आणि माफी एकट्यात?" असं तुम्ही विचारलंत आणि सुटायला जागाच ठेवली नाहीत.

धाकट्या भावाचं प्रकरण मात्र याहून जुनं. त्याने टेम्पोसाठी माझ्याकडून साठ हजार नेले आणि दिले नाहीत, म्हणून तीन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. आई गावी, मध्ये चेपलेली. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली, आपली घराणी त्याच मुलखातली. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ चार पिढ्या तोंडपाठ. दर रविवारी मी ते मोठ्याने म्हणायचो आणि माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर धाकट्याचं नाव तसंच.

रबाळे स्टेशनच्या बाकावर, ठाण्याची लोकल लेट असताना, तुम्ही मालाच्या जुन्या चलन-पावतीच्या पाठीवर येशूच्या दाखल्यातल्या त्या निर्दय चाकराचा हिशोब मांडलात. त्याला माफ झालं होतं दहा हजार टॅलेंट. एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवस! त्याच्या सोबत्याकडून येणं होतं शंभर दीनार, ते मात्र त्याने सोडले नाहीत. मला वाटलं, आता म्हणाल की तेवढी किरकोळ रक्कम सोडायला काय जातं. तुम्ही उलटंच म्हणालात. "शंभर दिवसांची मजुरी किरकोळ नसते. सहाशे रोजाने धर, तुझे साठ हजारच झाले. दुखणारच. पण सोडायचं असेल तर त्याला सांगून सोड. तू मनात सोडलंस तर त्याला कसं कळणार? तो रोज ते ओझं घेऊनच झोपतो."

पुढची लोकलही मी सोडली आणि फलाटावरूनच त्याला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, टेम्पो विकला रे मी." टेम्पो चालतच नव्हता, हप्ते थकले होते. तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी मंडळी म्हणते, तुमच्या या काकांमुळे आता भांडणसुद्धा पुरं होत नाही. सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा, हे मी तिला सांगायला गेलो, तर म्हणाली, तुमची सेकंड शिफ्ट, घरी येता तोवर सूर्य मावळून सहा तास झालेले असतात. यावर तुमच्याकडे काही तोड असेल तर कळवा.

नाताळात धाकटा आला. कांद्याची गोणी खांद्यावर घेऊन तीन जिने चढला. आईला घेऊन आला होता. तिने करंज्या तळल्या, मी पानावरची नोंद त्याच्यासमोर खोडली.

आणि काका, जानेवारीच्या एक तारखेला त्याचे दोन हजार माझ्या फोनवर आले. फेब्रुवारीतही आले. नको म्हटलं की तो चिडतो, "मला देऊ दे" म्हणतो. मी ते परत पाठवले नाहीत, आईच्या नावावर वेगळे ठेवलेत. हे बरोबर की चूक, विचारायला तुमच्या खिडकीशी जातो, तर तिथे आता नवा पोरगा बसतो. राहुरीला रेंज मिळाली की फोन करा.

तुमचाच,
लाइनवरचा सुपरवायझर