पेपर बंद करू नका, किल्ली देऊन जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आली की पेपरात पोलिसांचं आवाहन हमखास येतं. बाहेरगावी जाताना दागिने घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगा, ठाण्यात कळवा. आवाहन बरोबरच आहे. पण चोर येवो न येवो, दोन-अडीच महिने कुलूपबंद राहिलेल्या घराची काय गत होते, ते त्यात कधी नसतं. ते मी भोगलंय, म्हणून लिहितो.

मी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होतो. बॅटऱ्या, ब्रेक आणि वायरिंग यातच नोकरी सरली. आमच्या चाळीसगावच्या गल्लीतली निम्मी पोरं सुरतेला, बाकीची पुण्याला. माझा मुलगा त्याहून लांब, बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी सूनबाई रजा संपवून कामावर रुजू झाली आणि नातीला सांभाळायला कुणी नव्हतं. तुळशीचं लग्न आटोपून आम्ही दोघांनी मनमाडहून गाडी धरली, ते संक्रांत उलटल्यावर परतलो. जाताना दाराला दोन कुलपं आणि गाडीला कव्हर घातलं. झालं काम, असं वाटलं.

रात्री अकराला रिक्षातून उतरलो, तर ओट्यावर तुमच्याच पेपरचा ढीग! बंद करायला सांगायचं राहूनच गेलं होतं. खालचे अंक दवानं फुगून एकमेकांना चिकटलेले, वरचे उन्हानं पिवळे. घरात कुणी नाही, हे चोराला सांगायला याहून मोठी पाटी कुठली? चोर आला नाही, हे नशीब. दार उघडलं तसा गटारीचा भपकारा आला. मोरीच्या जाळीखाली वाकड्या नळीत जे पाणी राहतं, तेच वास आणि झुरळं अडवतं. ते सुकलं की गटार थेट घरात. फ्रिज बंद करून सौ.नं दार घट्ट लावलं होतं, आत काळी बुरशी. कपाटामागे वाळवीची मातकट रेघ छताकडे निघालेली. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कोठीत सोंडकिडे.

पण खरी नामुष्की सकाळी झाली. गाडीत बसून सेल्फ मारला, नुसतं ‘टक’. बॅटरी मेलेली. गाडी उभी असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक थोडा थोडा करंट खातच असतात. त्यात बॅटरी आपली आपणही उतरते आणि थंडीत तिचा जोर आणखी कमी. आयुष्यभर लोकांना सांगितलेली गोष्ट, स्वतःच्या गाडीला केली नाही. ढकलून सुरू करू म्हणून दोन पोरं बोलावली, तर मागची चाकं हलेनात. हँडब्रेक ओढून गेलो होतो, लायनर ड्रमला धरून बसले होते. बॉनेट उचललं, तर बॅटरीवर शेंगांची टरफलं, बॉनेटच्या आतल्या नमद्याचा भुगा आणि आमच्याच जुन्या गोधडीच्या चिंध्या. त्या घरट्याच्या खाली वायरिंग कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या. शेजारच्या मावशी डोकावून अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, उंदरंस्नी बठ्ठं खाई टाकं.” मग माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा आला. त्यानं ड्रमवर हातोडीनं ठोकून चाकं सोडवली आणि तोंड दाबून हसत विचारलं, “वस्ताद, हँडब्रेक?” मी चहा मागवला.

घर सोडून जायचं खरं ज्ञान आपल्याकडे ज्यांना आहे, त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे ट्रक भरून निघतात. खाटा, भांडी, पोरं, कोंबड्या, सगळं त्यात. पाच-पाच सहा-सहा महिने घर मागे राहतं. त्या फजितीनंतर तांड्यावरच्या एका ओळखीच्या जोडप्याला विचारलं, तुमच्या घराला वाळवी कशी लागत नाही? ते म्हणाले, कुलूप आहे, पण किल्ली म्हातारीकडे. म्हातारी दर बाजाराच्या दिवशी दार उघडते, झाडून घेते आणि चूल पेटवते. “धूर लागला की वाळवी येत नाही,” असं तिचं म्हणणं. धुरानं वाळवी जाते की नाही, मी सांगू शकत नाही. पण आठवड्यातून एकदा कपाटामागे नजर फिरली की रेघ वीतभर असतानाच दिसते, एवढं नक्की. धाब्याच्या घरात माणसं भरलेली असायची तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता दोन म्हातारी माणसं गेली की घर आंधळं होतं.

गेल्या वर्षी मग किल्ली मावशींकडे दिली. फुकट नाही. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. आमच्या नळाचं पाणी त्यांनी भरायचं, हा त्यांचा मोबदला. त्याच फेरीत मोरीत आणि संडासात तांब्याभर पाणी ओतायचं, खिडक्या उघडायच्या, अंगण झाडायचं. गच्चीवरची टाकी मात्र मी रिकामी करून, पुसून, कॉक बंद करून गेलो. झाकण नीट न बसलेल्या टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी सोडून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. ज्यांना किल्ली द्यायला खरंच कुणी नाही, त्यांनी मोरीत पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडावं. तेलाची साय धरली की पाणी लवकर उडत नाही.

गाडीबद्दल थोडं जास्त लिहितो, माफ करा, सवय आहे. टाकी भरून ठेवली. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा. टायरमध्ये तीन-चार पॉइंट हवा जास्त भरली. हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. शेवटी दहाचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काढताना आधी काळी, जोडताना काळी शेवटी. हे उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी पडते. बरेच जण शेजारच्या पोराला सांगून जातात, “आठवड्यातून एकदा गाडी चालू कर.” पोरगा दोन मिनिटं चालू करून बंद करतो. सेल्फनं खाल्लेलं तेवढ्यात भरून निघत नाही, बॅटरी उलट लवकर बसते. चालवायची तर वीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाही तर वायर काढून निवांत उभी राहू द्या. मावशींच्या नातवाला मी एकच काम दिलं : रविवारी बॉनेट उघडून तासभर उन्हात ठेवायचं. उंदराला अंधार आणि शांतता लागते. तंबाखूच्या पुरचुंड्याही ठेवल्या होत्या, त्यांचा किती उपयोग झाला देव जाणे. पण घरटं झालं नाही. परतल्यावर वायर जोडली, व्होल्ट पाहिले, साडेबाराच्या जरा खाली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. त्या पोराला मिसळ खाऊ घातली.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावली, फ्रिज पुसून दारात नॅपकीन अडकवून उघडा ठेवला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून, फुल चार्ज करून बंद केला. दादर निवडून, उन्हं देऊन मावशींच्या कोठीत.

एक कागदी काम विसरू नका. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तिचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो. आम्ही निघायच्या आधी बँकेत जाऊन तो दिला. मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो म्हणतात, पण आम्हाला बँकच बरी वाटते. पोरांनी घराचा विमा काढला असेल तर तोही वाचा. घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर आधी कळवायची अट बऱ्याच पॉलिसींत असते.

आणि दिवा. लोक ओट्यावरचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवून जातात. भर दुपारी जळणारा बल्ब म्हणजे पेपरच्या ढिगाचाच भाऊ. मावशी तिन्हीसांजेला लावतात, झोपताना घालवतात. त्यांनाच मी सुरुवातीला म्हणालो होतो, तुम्हाला उगाच त्रास. तर म्हणाल्या, “काही काळजी करू नका, मी शे ना आठे.” म्हणजे, मी आहे ना इथे.

पोलीस ठाण्यांना एक विनंती आहे. बंद घरांची नोंद घेता तेव्हा किल्ली कुणाकडे आहे तेही लिहून घ्या, त्या माणसाच्या फोन नंबरासकट. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांची पोरं गाडीत बसल्या बसल्या ‘चाललो आजीकडे, दोन महिने धमाल’ असा स्टेटस टाकतात, त्यांनी तो परतल्यावर टाकायला सांगावा.

यंदाही तुळशीच्या लग्नानंतर निघतोय. भरिताची वांगी बाजारात यायला लागली असताना निघायचं, याचं दुःख वेगळंच. आपला पेपर बंद करायचा नाही, असं विक्रेत्याला बजावलंय. अडीच महिने तो मावशींच्या ओट्यावर पडेल. शब्दकोडं त्यांचा नातू सोडवतो, रद्दी त्यांची. फक्त हे पत्र छापलंत तर तेवढा अंक माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलंय.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक,
चाळीसगाव